अर्धी वाटी आमटी

एकदा एका आचाऱ्याने ठरवले की, यापुढे अग्नीवर शिजलेला एक कणही आपण मुखात घालायचा नाही. हसू नका. माणसे कशाचेही व्रत घेतात, आणि हा तर गुणी माणूस होता. लग्नाच्या पंगतीला त्याच्या हातची चिंचगुळाची आमटी असली, की पंचक्रोशीतले लोक पानावर भाताचे आळे जरा मोठेच करीत.

पंचवीस वर्षे भट्टीशेजारी उभे राहून, चाखून-चाखून आणि उरलेले लाडू संपवून त्याचे पोट बिघडले होते. रात्रंदिवस छातीत जळजळ होई, पातेल्यावर वाकले की धाप लागे. गावाबाहेर मळा करून राहणाऱ्या एका वृद्ध वैद्यबुवांकडे तो गेला. बुवांचा आहार साधा होता. मळ्यात येईल ती काकडी, मुळा, गाजर, पेरू, शिवाय मोड आलेली मटकी, भिजवलेले शेंगदाणे आणि ओले खोबरे. त्यांनी नाडी पाहिली आणि सांगितले, "पुष्कळसं कच्चं खा. नीट चावून खा. मन प्रसन्न ठेव."

या उपदेशातला 'पुष्कळसं' हा शब्द आचाऱ्याने घरी येताना वाटेतच सांडला.

तीन महिन्यांत जळजळ थांबली. शरीर हलके झाले, झोप लागू लागली. इथवर सारे उत्तमच होते. पण गुण येऊ लागला तसा त्याचा नेमही कडक होत गेला. चहा गेला, भाजलेले शेंगदाणे गेले. काहिलीत उकळतो म्हणून गूळ गेला, आणि तापवलेल्या दुधाचे म्हणून दहीही गेले. बायको एकदा म्हणाली, "अहो, उन्हातसुद्धा उभे राहू नका. तेही तापलेलंच असतं." तो हसला नाही. हसणेही बहुधा शिजवलेल्यात जमा झाले असावे.

पुढे एका गावी चारशे पानांचे काम होते. आमटी चाखायची तर व्रत मोडते, म्हणून त्याने अंदाजानेच मीठ टाकले. हाताला सवय खडे मिठाच्या मुठीची, आणि तिथे होते बारीक मीठ. तेवढ्याच मुठीत मीठ पुष्कळ जास्त गेले. लोकांनी आमटी पानातच ठेवली आणि पाणी मागमागून घेतले.  यजमानांनी नुसते हात जोडून निरोप दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याला परतताना सारखे वाटत राहिले.

आणि आठ दिवसांवर त्याच्या स्वतःच्या मुलीचे, वेणूचे, लग्न आले होते. परकर नेसत होती तेव्हापासून ती म्हणत असे, "अण्णा, माझ्या लग्नात आमटी तुमच्याच हातची." आताही म्हणाली. बायको म्हणाली, "मी चाखून सांगते, तुम्ही करा." पण आचाऱ्याचा हात स्वतःच्याच जिभेचे ऐकतो. त्याने पळभर विचार केला आणि दुसऱ्या आचाऱ्याला बोलावण्याचे ठरवले. वेणू उठून आत निघून गेली.

तो वैद्यबुवांकडे गेला. आपल्या निष्ठेचे कौतुक होईल असे त्याला वाटत होते. सगळे सांगून झाल्यावर म्हणाला, "सात महिने झाले, बुवा. मुलीच्या लग्नासाठीसुद्धा मी व्रत मोडणार नाही."

बुवा बराच वेळ मटकी चावत राहिले. मग म्हणाले, "मागच्या अंगणात तीन दगड मांड. आज मला पिठलं खावंसं वाटतंय."

आचारी पाहतच राहिला. या मळ्यात त्याने कधी धूर पाहिला नव्हता. पण बुवांनी खरोखरच कोनाड्यातून बेसनाचा डबा काढला, मागोमाग तेल, लसूण आणि मिरच्या काढल्या. त्याने चूल पेटवून पिठले रटरटवले आणि वाटीत वाढले. बुवांनी बोट बुडवून चाखले.

"काहीतरी कमी आहे."

"काय, बुवा? मीठ की तिखट?"

"ते मी कसं सांगू? आचारी तू आहेस. चाखून बघ."

त्याने पळी पुन्हा भांड्यात ठेवली. "बुवा, एकदा चाखलं की मी संपलो. मी स्वतःला ओळखतो. आज थेंबभर पिठलं, उद्या परातभर जिलब्या. मग सात महिने पाण्यात!"

बुवांनी त्याला जवळ बसवून घेतले. "अरे, मटकी भिजवली की चार दाणे टणकच राहतात. त्यांना मोड येत नाहीत. म्हणून आपण सगळी पुरचुंडी उकिरड्यावर फेकतो का? तुला मी पुष्कळसं कच्चं खा म्हणालो होतो. सगळं तुझं तू केलंस. दिवाळीला माझी बहीण पुरणपोळी घेऊन येते. मी दोन खातो, तिसरी मागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काकडी खातो. तू म्हणशील, व्रत मोडलं. पण मी व्रत घेतलंय कुठे? मी जेवतो. आणि एक सांगतो, थेंबभर आमटीनं सात महिने जात नाहीत. 'आता गेलंच आहे तर' असं आपण म्हणतो ना, त्यानं जातात."

आचारी उठला. पळीतले पिठले त्याने तळहातावर घेतले आणि जिभेला लावले. गरम, लसणाचे, ओळखीचे. त्याचे डोळे भरून आले. "मीठ," तो म्हणाला, "चिमूटभर मीठ हवंय." आणि धुराला दोष देत त्याने डोळे पुसले.

मग दोघे जेवायला बसले. ताटभर काकडी, मुळा आणि मटकी, कडेला लहानशी वाटी पिठल्याची. सात महिन्यांत त्याला इतके सुखाने जेवल्याचे आठवेना.

लग्नाच्या दिवशी आमटी त्यानेच केली. दोनदा तळहातावर घेऊन चाखली आणि दुसऱ्या वेळी स्वतःशीच मान हलवली. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर शेवटच्या पंगतीला तो बसला, तेव्हा त्याच्या पानात कोशिंबीर, मोडाचे मूग आणि खोबरे होते. नवी नवरी पंगतीत वाढायला निघाली होती. आमटीचे भांडे घेऊन ती वडिलांच्या पानापाशी थबकली. विचारावे की पुढे जावे, तिला कळेना.

त्याने वाटी पुढे सरकवली. "अर्धी वाढ."

वेणूने काठोकाठ वाढली. त्याने सगळी संपवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे परसात जाऊन मुळा उपटला.