नावातली राहिलेली रेघ

फार फार वर्षांपूर्वी रोम नगरात एक पाथरवट राहत होता. मेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी लावायच्या शिळांवर तो नावं कोरून द्यायचा. रंगारी आधी लाल रंगाने अक्षरं काढून ठेवी आणि पाथरवट त्या रेघांवरून छिन्नी चालवी. अक्षर मोत्यासारखं उतरायचं. पण स्वतः कोरलेलं त्याला वाचता मात्र येत नव्हतं. लहानपणी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याने. ही गोष्ट त्याने कुणाला कळू दिली नव्हती.

त्याला एकच मुलगी, प्रिस्का. आठ वर्षांची. "हिला तरी चार अक्षरं येऊ देत," म्हणून त्याने तिला बाजारातल्या एका ओसरीवर भरणाऱ्या शाळेत घातलं होतं. पंतोजी कडक, चुकलं की छडी. मुलं मांडीवर मेणाची पाटी घेऊन बसायची आणि टोकदार काडीने त्यावर गिरवायची. प्रिस्काला तर वाचायचं वेडच लागलं. दुकानांच्या पाट्या म्हणू नका, भिंतींवरचा मजकूर म्हणू नका, दिसेल ते ती मोठ्याने वाचायची.

एके दिवशी ती शाळेतून थेट बापाच्या कामावर आली. तो नुकतीच एक शिळा पुरी करून अंगावरची धूळ झटकत होता. एका श्रीमंत गृहस्थाने ती आपल्याला लहानपणी सांभाळणाऱ्या दाईसाठी करवून घेतली होती. दाईचं नाव हिलारा.

प्रिस्काने नावावर बोट फिरवलं आणि ती थबकली.

"बाबा, हे हिलारा नाही झालं. तिसऱ्या अक्षराची, L ची, खालची आडवी रेघ राहिलीय."

शेजारी काम करणारा गडी खुदकन हसला. पाथरवटाचं डोकंच फिरलं. त्या काळी रोममध्ये घरात बापाचा शब्द म्हणजे कायदा!

"काल पाटी हातात घेतलीस आणि आज बापाला शिकवतेस? चल, घरी जा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिस्काने पाटी घेतलीच नाही. आईशेजारी लोकर पिंजत बसली.

"शाळेत नाही जायचं?" बापाने विचारलं.

"नको बाबा. वाचलं की चूक दिसते, आणि सांगितली की तुम्ही रागावता."

पाथरवट कामावर गेला. शिळेसमोर कितीतरी वेळ बसून राहिला. रंगाऱ्याचा लाल रंग तर धुळीबरोबर पुसून गेला होता; पोरीचं खरं की खोटं, तेही त्याला ठरवता येईना. दुपारी गृहस्थ शिळा न्यायला येणार होता. रंगाऱ्याला गुपचूप बोलावून विचारता आलं असतं. अब्रू झाकली राहिली असती. पण पोरीची पाटी? ती तशीच घरी पडून राहिली असती.

तो उठला, घरी गेला आणि प्रिस्काचा हात धरून तिला घेऊन आला. सगळ्या गड्यांच्या देखत म्हणाला, "पोरी, मला वाचता येत नाही. कुठली रेघ राहिली, दाखव."

गड्यांचे हातोडे थांबले. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. प्रिस्काने हळूच बोट ठेवलं आणि बापाने तिथे छिन्नी टेकवली.

दुपारी गृहस्थ आला. शिळेवरचं नाव त्याने दोनदा वाचलं.

"मला बोलायला हिने शिकवलं," तो म्हणाला, "पण बिचारीला स्वतःचं नाव कधी लिहिलेलं पाहायला मिळालं नाही." आणि त्याने डोळे पुसले.

पुढल्या दिवशी बाप-लेक दोघंही ओसरीवर हजर. पंतोजींनी विचारलं, "आज कुणाला आणलंत?"

"मलाच," पाथरवट म्हणाला.

पोरं फिदीफिदी हसली. पंतोजींनी छडी आपटली. प्रिस्का मात्र बाकावर थोडी सरकली आणि तिने बापाला जागा करून दिली.

तात्पर्य: लेकराने दाखवलेली चूक मान्य केल्याने बाप लहान होत नाही, लेकरू मात्र निर्भय होतं.