बिनठिपक्यांचं पान

“...पण यातली कोणती ठेवू, तेवढं तरी सांगा ना, सर?”

इंद्रजितने तिसऱ्यांदा विचारलं. सतरंजीवर खर्जाचे सूर देणाऱ्या दोन बेस गिटार होत्या. दोन्ही उंची, परदेशी बनावटीच्या. ओळखीच्या दुकानदाराने महिनाभर वाजवून बघायला दिलेल्या, आणि उद्या त्यातली एक परत करायची होती.

शमुवेलसर मिरजेतल्या आपल्या घरात गुडघे चोळत बसले होते. तीस वर्षं ते ऑर्केस्ट्रात बेस वाजवत आले. इंद्रजितची बोटं तारांवर त्यांनीच बसवली होती.

“वाजव की,” ते म्हणाले.

इंद्रजितने वाजवलं, हातचं काही राखलं नाही. पहिलीचा आवाज गोल, दमदार. दुसरीचा खणखणीत, दहा वाद्यांतून उठून येणारा. स्वतःच्या वाजवण्यावर स्वारी भलतीच खूश होती.

“दुसरीसारखा आवाज कुणाकडेच नाही, सर. ऐकताक्षणी लोक म्हणतील, हा इंद्रजित!”

“सुचेता काय म्हणाली?”

इंद्रजितचा हात तारांवरच थांबला.

सुचेता त्याच्या ग्रुपमध्ये नऊ वर्षं गात होती. तीन आठवड्यांपूर्वी तालमीत ती दबकत म्हणाली, “या गिटारपुढे मला माझा सूरच सापडत नाही रे.” आणि याची जीभ सैल सुटली. सगळ्यांदेखत म्हणाला, “मग गिटार कशाला, गाणारीच बदलू.” तिने माइक स्टँडला लावला, चपला घातल्या आणि गेली. खरं तर तेव्हाच धावत जाऊन पाय धरायचे. पण याला तेव्हा गिटारची बटणं फिरवण्यातून सवड नव्हती.

“तिला त्यातलं कळत नाही,” तो पुटपुटला.

सरांनी फळीवरून एक जुनी वही काढली. आत स्वर नव्हते. नुसते गाण्यांचे शब्द, आणि शब्दांच्या मधे शाईचे ठिपके. गाणारा जिथे श्वास घेतो तिथे ठिपका, आणि तेवढा वेळ बेसने सूर धरून ठेवायचा, ही सरांची रीत. शिकायला येत असताना इंद्रजित या वहीला मनसोक्त हसायचा.

सरांनी कोरं पान काढून पेन पुढे केलं.

“तिचं एक गाणं लिही. कुठलंपण. आणि ठिपके दे.”

शब्द त्याने भराभर लिहिले. मग पेन पहिल्या ओळीवर आलं... पुढे सरकलं... परत मागे आलं. नऊ वर्षं तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून वाजवत होता.

एकही ठिपका पडला नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चुकलं माझं, सर. फार चुकलं. रोज फोन करतोय तिला.”

“मग?”

“उचलत नाही. तिची आई म्हणाली... गाणं सोडलंय तिने. घरातसुद्धा गुणगुणत नाही म्हणे.”

सरांनी वाकून दोन्ही गिटार हलक्या हातांनी पिशव्यांत घातल्या आणि त्याच्याकडे सरकवल्या.

“कुठलीपण परत कर,” ते म्हणाले. “आता दोन्ही सारख्याच वाजतील.”