फौज वाढवण्याचा कौल

“लढाईतलं मला सगळं समजतं,” भिकनाथबाबा म्हणाले. “तलवार कुठल्या बाजूनं धरतात, तेवढं फक्त विसरतो.”

सरदार रायाजीरावांना हसू आलं नाही. मिशा हलल्या, पण त्या वाऱ्यानं.

“थट्टा पुरे, बाबा. फौज कमी करू की नको? दुपारी हुकूम द्यायचाय.”

काळकुटीच्या किल्ल्याला वेढा घालून आठ महिने झाले होते. किल्ला जिथल्या तिथं होता. माणसंच कमी होत चालली होती. निम्मी फौज घरी लावून द्या, उरलेल्यांनी वाटा अडवल्या तरी पुरे, असं जुनेजाणते सांगत होते. रायाजीरावांना आणखी दोन हजार माणूस आणून एकदाचा तट चढायचा होता. बाबांच्या तोंडून तसं आलं की जाणते गप बसतील, म्हणून स्वारी नारळ घेऊन बाबांच्या चिंचेखाली आलेली. कौल मागायचा, पण आपल्याला हवा तोच. देवाला असली गिऱ्हाइकं रोजचीच.

बाबांनी दोन्ही डोळे मिटले. मग एक उघडला.

“वाढव.”

“ऐकलंत?” रायाजीराव सोबतच्या कारभाऱ्यावर गरजले. “बाबा म्हणतात वाढव! लिहा पत्र, आणखी दोन हजार…”

फट्!

बाबांनी नारळ दगडावर आपटला होता. पाणी थेट सरदारांच्या नव्या जोड्यावर.

“अहो, फोडलात काय!”

“शुभ बोल रे. नारळ फोडला म्हणतात का?”

“बरं… वाढवला.”

“आता कसं! आईनं शिकवलंय म्हणायचं काहीतरी.” बाबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. “आणि गेल्या महिन्यात तुझा भाऊ तटाखाली पडला. तुझ्या वहिनीच्या हातातल्या बांगड्यांचं काय केलं बायकांनी?”

रायाजीराव जोडा पुसू लागले.

“बोल की. फौजेपुढं तर गरजतोस.”

“वाढवल्या,” रायाजीराव म्हणाले. आवाज कारभाऱ्यालाही ओळखू आला नाही.

“मग? आणखी किती वाढवायच्या?”

कारभाऱ्यानं लेखणी हळूच कानावर ठेवली. तेवढं मात्र सरदारांनी पाहिलं, आणि ते ताडकन उठले.

“नाही! मी नाही मागं सरणार! निम्मी फौज निघाली की किल्ल्यातले बुरुजावर चढून टाळ्या पिटतील. हातात बांगड्या भर, म्हणून ओरडतील. मला! या रायाजीला!”

बाबांनी खोबऱ्याचा आणखी एक तुकडा उचलला.

“मग भर की. त्यानं एवढ्या घरांतल्या बायकांच्या बांगड्या राहतायत, तुझ्याच मनगटाला जड होतात होय रे?”