तुळईचे पैसे

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याचा आपल्या सुताराशी वाद झाला. वाद घरदुरुस्तीचा, म्हणजे ज्यात दोघांनाही आपलेच खरे वाटते आणि दोघांनाही जेवण गोड लागत नाही, तसला.

व्यापाऱ्याचे नाव शिवलिंगशेट. माणूस सज्जन, देवधर्म करणारा, पण व्यवहाराला इतका चोख की ढेपेला चिकटलेल्या गोणपाटाचेही वजन वजा करील. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माजघराच्या माळ्याच्या पाच फळ्या कुजल्या होत्या. त्या बदलण्याचे काम त्याने रखमाजी सुताराला सांगितले, चाळीस रुपये ठरवले आणि तो आठ दिवस परगावी गेला. परतला तो नातीच्या बारशाच्या आदल्या दिवशी. बारसे थाटात झाले, आणि दुसऱ्या दिवशी रखमाजीने चिठ्ठी पुढे केली. आकडा होता पंच्याण्णवचा!

"फळ्या काढल्या तर खालची तुळई वाळवीनं पार पोखरलेली," रखमाजी म्हणाला. "नवी सागवानी घातली, शेट."

"मला विचारलंस?"

"तुम्ही होता कुठं गावात? अन् बारसं तर तोंडावर आलेलं. पाळणा तिलाच टांगायचा होता."

"बरं, मग ती जुनी तुळई दाखव."

इथेच घोडे अडले. जुनी तुळई परसात टाकली होती, आणि शेटाणीने गड्याकडून तिच्या ढलप्या पाडून घेऊन बाळंतिणीच्या अंघोळीसाठी बंबात घातल्या होत्या. शेटने विचारले तेव्हा ती म्हणाली, "लाकूड होतं, जळलं. मी काय त्याची पत्रिका पाहायला बसले होते?"

शेटचा पारा चढला. भर बाजारात, चार माणसांत, तो म्हणाला, "रखमाजी लबाड आहे." अशा शब्दाला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? आठवड्याच्या आत दोन घरांनी रखमाजीला सांगितलेली कामे काढून घेतली. तीस वर्षे जपलेले त्याचे नाव मातीला मिळायला आले.

शेट रोज सायंकाळी गावातल्या एका वृद्ध गुरुजींकडे ग्रंथ ऐकायला जाई. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्यापुढे त्याने सारे गाऱ्हाणे मांडले. तात्यांनी ते शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "नात कशी आहे रे? उद्या पाहायला येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले. नात पाळण्यात गाढ झोपली होती. तात्यांनी मान वर करून तुळईकडे पाहिले. मग नातीला अलगद उचलून तिच्या आईकडे दिले आणि पाळण्याच्या दोऱ्या सोडायला सुरुवात केली.

"अहो तात्या, हे काय करता?" शेट धावला.

"जमिनीवर गोधडी अंथरा. आजपासून पोरगी खाली निजेल."

"पण का?"

"लबाड माणसानं चढवलेली तुळई आहे. तिच्याखाली तान्हं लेकरू ठेवायला माझं मन धजत नाही."

"छे, छे! भलतंच काय!" शेट उसळून म्हणाला. "तुळई भक्कम आहे. रखमाजीच्या कामात खोट निघायची नाही, सारं गाव सांगेल."

बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याच्याच ध्यानात आले.

तात्या दोरी हातात घेऊन म्हणाले, "शिवलिंगा, नात निजवायला तो खरा आणि पैसे घ्यायला खोटा, असा माणूस मधोमध कापता येतो का? जो मालक गावात नसतानाही उत्तम लाकूड घालतो, तो वाळवीबद्दल खोटं कशाला बोलेल? त्यानं आधी निरोप धाडायला हवा होता, ही त्याची चूक. ती त्याला अवश्य सांग. पण चूक वेगळी आणि लबाडी वेगळी. चूक घरात बसून सांगायची असते. तू बाजारात जाऊन तिला लबाडी म्हणालास."

शेटला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो तसाच उठला, बाजारात गेला आणि त्याच चार माणसांसमोर रखमाजीच्या हातावर पंच्याण्णव रुपये ठेवून म्हणाला, "मी वाईट बोललो रखमाजी, तो शब्द मागं घेतो. पण पुढच्या खेपेला विचारत जा बाबा."

रखमाजीचे डोळे भरून आले. "इथून पुढं कुजकं लाकूड तुमच्या हातात देईन अन् मगच नवं उचलीन."

"दे. मी ते बंबापासून लांब ठेवतो," शेट म्हणाला, आणि सगळेच हसले.

पाळणा पुन्हा बांधायला रखमाजी स्वतः आला. दोऱ्या आवळून झाल्यावर त्याने दोन्ही हातांनी त्या धरल्या, पाय उचलले आणि सगळा भार टाकून लोंबकळून पाहिले.

"त्या दिवशीही काका असेच लोंबकळले होते," लेक हसत म्हणाली. "तीन-तीनदा. आणि जुनी तुळई काढली तेव्हा माजघरभर वाळवीची माती सांडली होती. मी शेजारच्या खोलीतून सगळं पाहत होते."

शेट थक्क झाला. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं, बाबा?"

शेटने कपाळावर हात मारला आणि मनापासून हसला. मग नातीला पाळण्यात ठेवून पहिला झोका त्याने रखमाजीला द्यायला लावला.

'मला विचारलं नाही' म्हणून रागावण्याआधी आपण कुणाकुणाला विचारलं, एवढं ज्याने त्याने पाहावं.