न दिसणारा कोळसा

हलीमा कल्हईवालीचा कोळसा फडणीसांनी खर्चातून काढून टाकला. कथील भांड्याला धरावं म्हणून लागणारा नवसागरही काढला. राहिलं फक्त कथील.

"कथील भांड्यावर दिसतं," विसोपंत फडणीस म्हणाले. "कोळसा कुठं दिसतो?"

"कोळसा जळतो, पंत."

"म्हणजे दिसत नाही. दिसत नाही तो खर्च नाही. चला, पुढचा कोण?"

दोष सगळा पंतांचा नव्हता. कोंडगाव संस्थानचा जुना कायदा साधा होता. कारागिरानं वर्षाच्या कमाईतून धंद्याचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याचा चौथा हिस्सा सरकारात भरायचा. पण आदल्या साली एका साळ्यानं मुलीच्या लग्नाची पंगत सुताच्या खर्चात घातली. न्हाव्यानं वस्तऱ्याच्या धारेखाली बारा महिन्यांचा तंबाखू मांडला. शिंप्यानं तर बायकोचं नवं लुगडं नमुन्याचं कापड म्हणून दाखवलं, आणि ते नेसून ती नेमकी महाराजांच्या समोरून गेली. महाराज आधीच हट्टी, त्यात चिडलेले. त्यांनी हुकूम काढला की तयार वस्तूत जे डोळ्यांना दिसेल तेवढंच खर्चात धरावं.

हलीमाचा नवरा मागल्या पावसाळ्यात गेला होता. तेव्हापासून भट्टी ती सांभाळत होती आणि भाता तिची सासू चालवत होती. लिहिता येत नव्हतं, म्हणून हलीमानं दोन गाडगी ठेवली होती. कोळशाचं पोतं आलं की एकात काळा खडा, नवसागराची पुडी आली की दुसऱ्यात पांढरा. वर्षभरात एक खडा इकडचा तिकडे झाला नव्हता. ती गाडगी डोक्यावर घेऊन ती कचेरीत गेली, पण पंतांनी आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. कोळसा धरला नाही तर तिला जो कर बसत होता, तेवढी तिची वर्षाची शिल्लकही नव्हती. आठ दिवसांत भरला नाही तर भाता जप्त. आणि भाता गेला की भट्टी थंड, धंदा बंद.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "भाता नेणार असतील तर मलाही न्या म्हणावं. सरकारच्या डोळ्यांना दिसेन तरी."

दुसऱ्या दिवशी हलीमा दरबारात उभी राहिली. महाराजांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि हुकूम काही बदलला नाही. उलट त्यांना गंमत सुचली. ते म्हणाले, "तुझा कोळसा मी खर्चात धरतो. फक्त मला तो दाखव. जळून गेलेला. राख आणशील तर चालायची नाही."

दरबार हसला. पंत जरा जास्तच हसले.

हलीमानं दोन दिवसांची मुदत मागितली, आणि मुदपाकखान्यातली कल्हई उडालेली दोन पितळी पातेली. महाराजांनी दोन्ही दिली.

तिसऱ्या दिवशी ती पातेली घेऊन आली. एक आतून चांदीसारखं लखलखत होतं. दुसरं होतं तसंच पिवळं, फक्त त्याच्या तळाशी कथिलाचा एक गोळा खडखडत होता. तिची विनंती एवढीच होती की दोन्हींत चिंचेची सारखीच आमटी करावी, दुपारपर्यंत तशीच राहू द्यावी आणि महाराजांनी व पंतांनी ती चाखून पाहावी. दुसरं पातेलं बघून आचाऱ्यानं हातच जोडले. महाराजांनी डोळे वटारले तेव्हा कुठं तो चुलीकडे वळला.

दुपारी पानं मांडली. पहिल्या पातेल्यातली आमटी महाराजांनी भुरकली आणि मान डोलावली. दुसरीचा एक घोट घेतला मात्र, त्यांचं तोंड असं वाकडं झालं की वाढपी दोन पावलं मागे सरला.

"काय घातलंस ह्यात?" चूळ भरून ते ओरडले.

"काही नाही, महाराज. कळकलीय ती. पितळेत आंबट ठेवलं की कळकतंच."

"मग कल्हई का नाही केलीस?"

"केली की. पंतांना जेवढा खर्च मान्य आहे, तेवढ्यात केली. कथील आत आहे, डोळ्यांना दिसतंय." मग ती पंतांकडे वळली. "पंत, तुमच्या हिशेबानं दोन्ही पातेल्यांना खर्च सारखाच आलाय. तुम्हाला दोन्ही आमट्या सारख्याच लागतील. घ्या ना."

पंतांनी वाटीकडे पाहिलं. वाटीत आमटीवर हिरवट झाक होती.

"मला आज एकादशी आहे," ते म्हणाले.

"आज पंचमी आहे, पंत," महाराज म्हणाले. पण हट्ट अजून सुटला नव्हता. ते हलीमाला म्हणाले, "हे सगळं ठीक. मी तुला कोळसा दाखव म्हटलं होतं. तो कुठाय?"

हलीमानं पहिली, चांगली वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"ह्यात आहे, महाराज. त्या वाटीत जे लागलं आणि ह्या वाटीत लागत नाही, तेवढाच माझा कोळसा."

महाराजांनी पुन्हा एक घोट घेतला. तो नीट तोंडात घोळवला. आणि मग ते असे हसत सुटले की ठसका लागला, आचाऱ्याला पाणी घेऊन धावावं लागलं.

त्याच बैठकीत हुकूम फिरला. जळणारं, झिजणारं, विरून जाणारं, धंद्याला लागेल ते सगळं कारागिराच्या खर्चात धरायचं ठरलं. हलीमाचा त्या सालचा कर माफ झाला आणि मुदपाकखान्याची चाळीस भांडी कायमची तिच्याकडे आली. शिवाय न दिसणारे खर्च फडणीसांना पुढं ओळखता यावेत म्हणून पहिल्या चाळीस भांड्यांना भाता त्यांनीच मारावा, असंही महाराजांनी फर्मावलं.

पंत उपरणं कमरेला बांधून सकाळपासून भात्याला बसले. सासू बाजूला सावलीत चहा पीत होती. थोड्या वेळानं तिला राहवलं नाही.

"पंत, जरा दमानं," ती म्हणाली. "कोळसा फुकट जातोय."