सोनबामामांची सनई आणि पाच कोऱ्या तबकड्या

सोमवार, ९ फेब्रुवारी. आभाळ स्वच्छ. सकाळी गारठा, दहानंतर ऊन.

बोरजाईवाडीत केरबा नावाचा एक भोळा स्पीकरवाला राहतो. भोळा हा शब्द गाव त्याच्या आईच्या भिडेखातर वापरतं. दुसरा शब्द गावाला माहीत आहे.

लग्नाकार्याला स्पीकर भाड्यानं देणं हा त्याचा धंदा. गेल्या आठवड्यात त्यानं घरच्या घरी रेकॉर्ड कापायचं यंत्र मागवलं. दिसायला ग्रामोफोनसारखंच. फरक इतकाच, की ग्रामोफोनची सुई ऐकवते आणि ह्याची सुई कोरते. माइकसमोर वाजवायचं, सुई थरथरते आणि फिरत्या तबकडीवर रेघ कोरत जाते. कोरलेलं खोडता येत नाही. यंत्राबरोबर पाच कोऱ्या तबकड्या आल्या. आणखी हव्या तर दोन महिने थांबा, असं दुकानदारानं कळवलं.

दोन महिने थांबायची सोय नव्हती. केरबाचे मामा, सोनबामामा, चाळीस वर्षं सनई वाजवत आले. नवरी सासरी निघताना वाजवायची एक धून त्यांच्या वडिलांनी बांधलेली. ती त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. आता त्यांचे पुढचे पाच दात हलू लागले होते आणि दातांच्या डॉक्टरांनी ते काढायला शुक्रवार दिला होता. पुढचे दात गेले की ओठांना आधार नाही. आधार गेला की सनई खुंटीला.

"मोबाइलवर घ्या की," केरबाची बायको हौसा म्हणाली.

"मोबाइलमधलं हातात धरता येतं का?" मामा म्हणाले. "मला तबकडी पायजे. माझं नाव लिहिलेली."

यंत्र चालवायला शिकवणार होते पेठकर मास्तर. तालुक्याला त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. असलं यंत्र त्यांनी तरुणपणी चालवलेलं. ते फोनवर म्हणाले, "केरबा, आधी नुसती रेघ कापून बघ. त्या वेळी समोर अजिबात आवाज नको."

"समजलं, मास्तर."

केरबानं पंखा बंद केला. कोंबडा डालग्याखाली झाकला. मामांना सनई मांडीवर घेऊन बसवलं आणि त्यांच्या तोंडावर स्वतःचा हात ठेवला. तबकडी काठापासून मधल्या कागदापर्यंत पूर्ण कापली. मग वाजवून बघितली आणि मास्तरांना फोन केला.

"एक नंबर आलीय. काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

"अख्खी कापलीस? अरे, ती चाचणी होती! दोन बोटं रेघ पुरे होती. आवाज सुरू झाला की सुई टेकवायची, कळलं?"

"समजलं, मास्तर."

केरबाला काही समजलं, की घरच्यांनी सावध व्हायला हवं. पण घरच्यांना कामं होती.

मंगळवार, १० फेब्रुवारी. हवा कोरडी, वारा नाही.

मामांनी सनईची पत्ती तोंडात धरून भिजत ठेवली. यंत्र फिरत होतं. केरबा सुई धरून आवाजाची वाट बघत बसला. आवाज झाला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

केरबानं सुई टेकवली.

दुसऱ्या तबकडीवर कुकरच्या चार शिट्ट्या आहेत. पुढे मामांचं "अगं हौसा, डाळ लागली" असं आहे आणि शेवटी हौसा सासरच्या माणसांविषयी बोलते. आवाज स्पष्ट आहे.

"कुकर?" मास्तर म्हणाले. "कुकरचे दात पडणार आहेत का शुक्रवारी?"

"नाही. मामांचे."

"मग मामा वाजवायला लागले की टेकव. आणि कोरताना सुईमागून केसासारखा दोरा निघतो, त्याचं काय केलंस?"

"राहू दिला."

"तो राहू द्यायचा नाही. सुई चालू असली, की मागून येणारा दोरा लगेच ओढून घ्यायचा. साचला की सुईत अडकतो. दोन वेळा नशिबानं वाचलास."

"समजलं, मास्तर."

फोन ठेवून केरबा सोप्यात आला. हौसा शिलाई मशीनवर बसली होती. पाटलांच्या नव्या नवरीचा ब्लाउज शिवत होती. सुई चालू होती. मागून दोरा येत होता.

केरबानं तो ओढला. चांगला हातभर आला. आणखी ओढला. बाही सुटून खाली पडली.

"आवं, काय करताय?"

"साचायच्या आधी काढतोय."

हौसानं लाकडी गज उचलला आणि त्याच्या पाठीचं माप घेतलं. मग तिनंच फोन लावला. "मास्तर, ह्या माणसाला तुम्ही शिकवताय का बिघडवताय?"

"त्याला फोन द्या," मास्तर म्हणाले. "केरबा, दुसऱ्याचं काम चालू असलं, की मध्ये हात घालायचा नाही. तोंडही घालायचं नाही. ते थांबेपर्यंत गप बसायचं."

"हे बरं केलंत सांगितलं. समजलं."

बुधवार, ११ फेब्रुवारी. पहाटे दव, दिवसा स्वच्छ.

त्या दिवशी मामांनी वाजवलं. पाटलांच्या घरून बाया बाहीची चौकशी करायला आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. हौसानं डोळ्यांना पदर लावला. हलणाऱ्या दातांना जिभेनं आधार देत मामांनी ती धून अशी वाजवली, की म्हणे वडिलांसमोरही तशी कधी जमली नव्हती.

केरबानं सुई अगदी वेळेवर टेकवली होती. मागून दोरा निघू लागला. लिंबाएवढा गोळा झाला. पेरूएवढा झाला. मग नारळाएवढा. केरबा हाताची घडी घालून बसला होता. दोन मिनिटांनी गोळा सुईखाली शिरला. सुई उडाली आणि उरलेल्या तबकडीवर कोंबडी उकरते तशी नाचत राहिली.

मामा थांबले. "अरं, हे काय झालं?"

"गोळा अडकला."

"तू बघत हुतास?"

"पहिल्यापासून."

"मग काढला का न्हाईस?"

"यंत्राचं काम चालू होतं, मामा. मध्ये कसा हात घालू?"

मामांनी सनईची पत्ती काढून पुसली. मग म्हणाले, "अजून दोन हायत नव्हं? उद्या परत वाजवतो. परवाच्या आत मिळू दे म्हणजे झालं."

गुरुवार, १२ फेब्रुवारी. ऊन कडक. धूळ नाही.

सकाळी केरबानं तिसऱ्या तबकडीची चांगली दोन मिनिटं मास्तरांना फोनवरून ऐकवली.

"सनई काय सुरेख आहे," मास्तर म्हणाले. "पण मागं घरघर आहे. काहीतरी हलतंय. टेबलावर काय काय ठेवलंयस?"

"घड्याळ, तांब्या, हौसाचा आरसा."

"आता नीट ऐक. तबकड्या दोनच आहेत आणि मामांचे दात उद्या जाणार. दोरा ओढायचा, यंत्र चालू असलं तरी ओढायचा. ब्लाउजचा नाही, तबकडीचा. आणि जे जे हलतं ते आधी काढून टाकायचं. मगच सुई. एक जरी हलणारी वस्तू राहिली, तर रेकॉर्ड गेली समज. आधी काढायचं, मग सुई. म्हण बघू."

"आधी काढायचं, मग सुई."

"शाबास."

केरबानं घड्याळ काढलं, तांब्या काढला, आरसा काढला. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. खिडकीचं हलणारं दारही बिजागरीतून काढून अंगणात ठेवलं. टेबलावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवून पाणी हलतं का ते बघितलं. हललं नाही. इतकं नीट काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. मामांनी पत्ती भिजवली आणि सनई तोंडाला लावली.

केरबा वाकून बघू लागला.

"मामा, थांबा. तो दात हलतोय का?"

"पाच हलत्यात. म्हणून तर उद्या—"

"उद्या कसं चालेल? आधी काढायचं, मग सुई."

"कोण म्हणलं?"

"मास्तर. माझ्याकडून म्हणवून घेतलंय."

मामांचा रेडिओ मास्तरांनी तीनदा दुरुस्त केला होता. मामांनी सनई खाली घेतली. "मास्तर म्हणल्यात?"

"एक जरी हलता राहिला तर रेकॉर्ड गेली, असं म्हणालेत."

हौसा बाही परत जोडून द्यायला पाटलांकडे गेली होती. अकराची एसटी मिळाली. दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "उद्याचं आजच? चालेल." पाचही दात निघाले. तीनच्या गाडीनं दोघं परत आले.

मामांनी तोंडातला कापूस काढून ठेवला आणि सनई ओठांना लावली. मामा वाजवायला लागले तेव्हाच केरबानं सुई टेकवली. दोरा वेळच्या वेळी ओढला. मध्ये एक शब्द बोलला नाही.

चौथी तबकडी काठापासून मधल्या कागदापर्यंत पूर्ण कापली गेली आहे. कागदावर मामांचं नाव आहे. रेघ कुठेही तुटलेली नाही. घरघर अजिबात नाही. दहा मिनिटं चाळीस सेकंद फूऽ फूऽ असं ऐकू येतं.