रांजणाचे वय

फार पूर्वीची, समुद्रापलीकडच्या कोरिया देशातली ही गोष्ट. तिथल्या डोंगराळ मुलखात एक पारखीबुवा राहत असत. जुना वाडगा, जुने चित्र, शिंपल्यांची नक्षी केलेली एखादी लाकडी पेटी, काहीही त्यांच्या हाती द्यावे आणि त्यांनी सांगावे, हे किती जुने, कुठल्या भट्टीतले, खरे की नकली. हिरव्या झिलईचा वाडगा आला की ते तो आधी उलटा करत. भट्टीत ठेवताना बुडाशी पडलेले तिळाएवढे तीन ठिपके दिसले की हसून म्हणत, "खरा आहे. जपा." चाळीस वर्षांत त्यांचा शब्द एकदाही खोटा ठरला नव्हता. सूर्य एखाद्या दिवशी उशिरा उगवेल, पण पारखीबुवा चुकायचे नाहीत, असे लोक म्हणत.

या कामाची त्यांना इतकी सवय जडली होती की घरी चहा पिऊन झाला तरी ते पेला उलटा करून बघत. त्यांची बायको म्हणे, "कालचाच पेला आहे तो. परवाही हाच होता."

त्याच मुलखात एक हौशी सरदार होता. त्याला सुंदर जुन्या वस्तू जमवण्याचा नाद होता. त्या ठेवण्यासाठी त्याने एक नवे दालन बांधायला घेतले होते. एके दिवशी मीठ विकणारा एक फेरीवाला त्याच्याकडे पांढराशुभ्र रांजण घेऊन आला.

असे रांजण त्या देशात फार नावाजलेले. पांढऱ्या मातीचे दोन मोठे वाडगे करायचे, ओले असतानाच तोंडाला तोंड लावून जोडायचे आणि भट्टीत भाजायचे. पुनवेच्या चंद्रासारखा गोल आकार येतो, म्हणून लोक त्याला चांदरांजण म्हणत. हा रांजण डावीकडे थोडासा झुकलेला होता आणि त्याच्या पोटावर मधाच्या रंगाचा एक डाग पसरला होता, चंद्रावर ढग यावा तसा. सरदार बघतच राहिला. कुठून आणला, असे विचारल्यावर फेरीवाल्याने खरे ते सांगितले. मिठाच्या बदल्यात कुठल्याशा वाडीवर मिळाला, पण आपण चाळीस वाड्या फिरतो, त्यातली ही कोणती ते काही आठवत नाही.

सरदाराने पारखीबुवांना बोलावणे पाठवले. रांजण बघायला गावातली चार जाणती माणसेही जमली. बुवांनी रांजण फिरवून पाहिला, टिचकी मारून आवाज ऐकला. मग अस्तनी वर सारून हात आत घातला, डोळे मिटले आणि दोन वाडग्यांचा सांधा बोटांनी चाचपला. आत कुंभाराच्या बोटांच्या खुणा होत्या. तीन खोल आणि चौथी अगदी उथळ. पुन्हा तीन खोल, चौथी उथळ.

बुवांनी डोळे उघडले. झिलईच्या बारीक भेगांतून असा डाग मुरायला दोनशे वर्षे लागतात, असे त्यांनी सांगितले. आणि सांधा दाबताना करंगळी अशी अलगद उचलून धरणे ही तर जुन्या उस्तादांची रीत, ती आता कोणालाच येत नाही. घडवणारा माणूस उंचापुरा, तलवार धरू शकेल अशा मनगटाचा असणार. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. बुवांनी कागदावर 'दोनशे वर्षांपूर्वीचा' असे लिहून आपला शिक्का उमटवला.

तेव्हापासून सरदार रोज सकाळी त्या रांजणासमोर जाऊन उभा राही आणि त्याचा दिवस आनंदात जाई. कधी बुवा भेटले की म्हणे, "याला घडवणारा भेटता तर एकच गोष्ट विचारली असती. हा डावीकडे का झुकतो?"

बुवा हळहळत. ज्याला विचारायचे तो माणूस केव्हाच मातीत मिसळला, असे म्हणत.

पाहता पाहता पानगळ सुरू झाली. दालन तयार झाले. ते उघडण्याच्या आदल्या दिवशी बुवा पलीकडच्या खोऱ्यात एक चित्र पारखायला गेले होते. परत येताना भूक लागली, म्हणून वाटेत कुंभारांच्या वाडीवर थांबले. एका म्हाताऱ्या कुंभारणीने त्यांना ओसरीवर बसवले. भात, मुळ्याचे लोणचे आणि आंबवलेल्या सोयाचे वाफाळते सार तिने पुढे ठेवले.

बुवांचे मन उद्याच्या समारंभात गुंतले होते. हात मात्र आपल्या सवयीने चालत होते. त्यांनी साराचा वाडगा उचलला आणि बुड बघण्यासाठी सरळ उलटा केला.

सगळे सार मांडीवर. आजीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले.

"चव वरून घ्यायची असते, बाबा," ती म्हणाली. "खालून नाही कळत."

बुवा ओशाळून हसले. कपडे धुवायला आजीने त्यांना परसात नेले. तिथे वळचणीखाली सात पांढरे रांजण ओळीने मांडले होते. कशात लोणचे, कशात सोया, कशात तीळतेल, दोन रिकामे. तेलाच्या रांजणाच्या पोटावर मधाच्या रंगाचा डाग होता, ढगासारखा.

हा किती जुना, असे बुवांनी विचारले.

"हा होय? गेल्याच्या गेल्या वसंतातला. तेल मुरतं बघा. एका पावसाळ्यात डाग दिसायला लागतो, दुसऱ्यात पसरतो."

बुवांनी एका रिकाम्या रांजणात हात घातला. तीन खोल, चौथी उथळ. त्यांनी ओळीतला दुसरा रिकामा रांजण पाहिला. तिथेही तेच. मग ते ओल्या कपड्यांनिशी जमिनीवरच बसले आणि त्यांनी आजीला उजवा हात दाखवायला सांगितले. तिची करंगळी अर्धीच होती. लहानपणी गवत कापताना विळा लागला होता.

बुवांनी तिला सगळे सांगितले. सरदाराचा रांजण, दोनशे वर्षे, करंगळी उचलून धरणारा तो तलवारबहाद्दर उस्ताद. आजी कशीबशी माझ्या खांद्याएवढी भरेल, हे त्यांच्या मनात येत होते आणि ते आणखीच शरमत होते. आजी मात्र डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"म्हणजे मी दोनशे वर्षांची! तरीच गुडघे दुखतात."

मिठाचा फेरीवाला तिला चांगला आठवत होता. तो रांजण वाकडा निघाला म्हणून बाजारात कोणी घेतला नव्हता. तिने त्यात दोन वर्षे तेल ठेवले आणि पुढे मिठाच्या बदल्यात देऊन टाकला. एवढे सांगून झाल्यावर तिला बुवांचा उतरलेला चेहरा दिसला. तिने त्यांची समजूत घातली.

"एवढं काय त्यात? सांगूच नका कोणाला. रांजण तिकडे मजेत आहे, सरदार मजेत आहेत, तुमचं नाव राहतं. मी काही दवंडी पिटायला जात नाही."

ती मनापासून बोलत होती. तिने दुसरा वाडगा भरून सार आणले आणि बुवा जेवून होईपर्यंत तो वाडगा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

बुवा निघाले. वाटेत एक फाटा होता. उजवीकडे त्यांचे घर, डावीकडे सरदाराचे गाव. तिथल्या दगडावर ते बराच वेळ बसून राहिले. गप्प बसलो तर कोणाला कळणार? आजीने तर वचन दिल्यासारखेच होते. बोललो तर चाळीस वर्षांचे नाव एका दुपारी जाणार. घरी जावे आणि उद्या आजारपणाचा निरोप पाठवावा, असेही त्यांना वाटून गेले.

पण मग वाटले, उद्या त्या दालनात शिकणारी माणसे येतील. माझा कागद वाचतील, रांजणात हात घालतील आणि मनाशी धरून जातील की असा डाग म्हणजे दोनशे वर्षे, उथळ खूण म्हणजे उस्तादाची करंगळी. पुढे ती दुसऱ्यांना तेच शिकवतील. माझी एका रांजणाची चूक शंभर रांजणांना लागेल, आणि ती काढायला तेव्हा मी नसेन.

बुवा उठले आणि डावीकडची वाट चालू लागले. एकट्या सरदाराला गाठून हळूच सांगता आले असते. पण ज्या चारचौघांसमोर रांजण वाखाणला, त्यांच्यासमोरच सांगायचे, असे त्यांनी ठरवले.

दुसऱ्या दिवशी दालन माणसांनी भरून गेले. सरदाराने बुवांना पुढे बोलावले आणि रांजणाबद्दल दोन शब्द सांगायची विनंती केली.

"हा रांजण दोनशे वर्षांचा नाही," ते म्हणाले. "तीन वर्षांचा आहे. डाग तिळाच्या तेलाचा आहे. मी चुकलो."

सरदाराचा चेहरा लाल झाला. म्हणजे इतके महिने रोज सकाळी मी तेलाच्या भांड्यापुढे उभा राहत होतो, असे तो पुटपुटला. मागे कोणीतरी खुदकन हसले. एका वृद्ध पंडिताने विचारले, "मग बुवा, चाळीस वर्षांत जे बाकीचे शिक्के मारलेत, त्यांचं काय समजायचं आम्ही?"

"घेऊन या," बुवा म्हणाले. "सगळं पुन्हा बघेन. जिथे चुकलो असेन तिथे असंच सांगेन."

मग बुवा सरदाराकडे वळले.

"सरकार, मी वयात चुकलो. तो सुंदर आहे म्हणालो, त्यात चुकलो नाही. आणि आणखी एका बाबतीत चुकलो. घडवणारा मातीत मिसळला, असं सांगत होतो मी. घडवणारी इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. आत्ता बहुतेक मुळे चिरत बसली असेल."

सरदाराने रांजणाकडे पाहिले. दुसरे कोणी असते तर त्याने तो तिथून उचलायला लावला असता. त्याच्याही मनात ते आले असेल. पण रांजण आज सकाळी दिसला तसाच दिसत होता. तोच आकार, तोच ढग, तोच डौल. सरदाराचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी वेगळेच काहीतरी आले.

"तो डावीकडे का झुकतो, ते ती सांगेल?" त्याने विचारले.

"सांगेल. पण आधी जेवायला वाढेल."

सरदार मोठ्याने हसला, आणि मग सगळेच हसले. समारंभ तिथेच सोडून मंडळी खोऱ्याच्या वाटेला लागली. सरदार, बुवा, गावातली जाणती माणसे, पंडित आणि आजीकडे एवढ्यांना पुरेल की नाही या काळजीने तांदळाची पोती घेतलेले दोन हमाल.

अंगणात एवढी माणसे बघून आजीने आधी बुवांकडे पाहिले. "सांगितलंतच शेवटी," ती म्हणाली आणि चुलीवर मोठे भांडे चढवायला आत गेली.

जेवणे झाल्यावर सरदाराने आपला प्रश्न विचारला. आजीला त्यात विचारण्यासारखे काय आहे तेच कळेना.

"मी कुठे झुकवते? वरचा वाडगा खालच्यावर ठेवला की बसताना जरासा रेलतो. सरळ करायला गेलं की सांधा सुटतो. म्हणून तो जसा बसला, तसा बसू देते."

सरदाराने खुशीत मान डोलावली. मग त्याने तिचे नाव विचारले. आजी गोंधळली. वाडीत सगळे तिला कुंभारीण आजी म्हणत. कोणी नाव विचारून कितीतरी वर्षे झाली होती. जरा आठवून, लाजून तिने सांगितले, "ओकसुन."

त्या वर्षी वाडीच्या भट्टीतून निघालेले रांजण बाजारापर्यंत गेलेच नाहीत. लोक ते अंगणातूनच घेऊन गेले, वाकडे आधी आणि सरळ नंतर. वाडीतल्या दोन सुना आजीच्या चाकाशी येऊन बसू लागल्या. पारखीबुवांकडे लोक खरोखरच जुन्या वस्तू पुन्हा घेऊन आले. त्यांत दोन चुका निघाल्या. बुवांनी त्या स्वतःच्या हाताने कागदावर दुरुस्त केल्या. त्यानंतर त्यांच्या शिक्क्याला पूर्वीपेक्षा जास्त मान मिळू लागला, कारण ज्या माणसाने चूक भर दालनात सांगितली, त्याच्या 'खरे आहे' या शब्दाबद्दल आता कोणालाच शंका उरली नव्हती.

दालनातला रांजण मात्र होता तिथेच राहिला. फक्त त्याच्यापुढचा कागद बदलला. तो बघायला सरदाराने आजीला पालखी पाठवून बोलावून घेतले. तिला वाचता येत नव्हते, म्हणून बुवांनी वाचून दाखवले.

"चांदरांजण. तीन वर्षांपूर्वीचा. घडवणारीचे नाव ओकसुन. हयात आहे."

आजीने पुन्हा एकदा वाचायला लावले. मग कागदावरच्या शेवटच्या शब्दांवर बोट ठेवून ती बुवांना म्हणाली, "बाकी काय हवं ते बदला. एवढं खोडायची घाई करू नका."

तात्पर्य: चूक आपणहून सांगितली तर जाणत्याचा मान कमी होत नाही, आणि त्या चुकीआड झाकलेले माणूसही उजेडात येते.